मदत हवी आहे: हायड्रोजेलमध्ये पेशी खरंच शिरतायत, की कडेच्या फटीतून उतरतायत?

नमस्कार मंडळी,

पुण्यात टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करतेय. भाजलेल्या जखमेवर लावायचं हायड्रोजेल (भरपूर पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची जाळी) हा विषय. आजूबाजूच्या पेशी स्वतःहून आत शिरल्या तरच त्याचा उपयोग, नाहीतर ते जखमेवरचं नुसतं झाकण. म्हणून पेशी किती खोल जातात एवढं तरी मला बिनचूक मोजायचं आहे.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये ७ टक्के जेलएमए (मेथॅक्रिलेट जोडलेलं जिलेटिन) ओतते, एलएपी (प्रकाश पडला की जाळी जोडायला सुरुवात करणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात घट्ट करते, वर माणसाच्या त्वचेचे फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) सोडते. आठवड्याने फिक्स करून फॅलॉइडिन (पेशीच्या सांगाड्याचा रंग) आणि डॅपी (केंद्रकाचा रंग). कॉन्फोकल (थराथराने खोलवर पाहणारा सूक्ष्मदर्शक) आमच्याकडे नाही. स्लॉट मिळेल तेव्हा प्लेट पॅराफिल्मने बंद करून थर्मोकोलच्या डब्यातून पाषाण रस्त्यावर न्यायची.

झेड-स्टॅकमध्ये (एकाखाली एक खोलीवर घेतलेल्या चित्रांत) वेलच्या मध्यभागी ३०-४० मायक्रॉनच्या खाली केंद्रकं दिसतच नाहीत. भिंतीलगत मात्र २०० मायक्रॉनपर्यंत पेशी आहेत: लांबट, ताणलेल्या, सगळ्या भिंतीला समांतर. सगळ्याची सरासरी काढली की आकडा छान येतो, पण तो छापायला माझं मन घेत नाही. सरांचं म्हणणं, कडेला प्रकाश कमी पोचतो, जेल मऊ राहतं, म्हणून पेशी तिथून शिरतात. मला वाटतं जेल भिंतीपासून सुटतंय.

माझा तर्क असा. जेलएमएच्या जाळीची छिद्रं काही दहा नॅनोमीटरची, पेशीचं केंद्रक ५ ते १० मायक्रॉनचं. बाकीची पेशी कशीही दबते, केंद्रक तेवढं दबत नाही. त्यामुळे पेशीला एमएमपी (प्रथिनं तोडणाऱ्या) विकरांनी जाळी तोडतच पुढे जावं लागणार. जिलेटिनमध्ये ती तोडण्याच्या जागा आहेत, पकड घ्यायला आरजीडीही (पेशी जिला चिकटतात ती अमिनो आम्लांची छोटी साखळी) आहे (अल्जिनेट या समुद्री शेवाळापासूनच्या जेलमध्ये दोन्ही नाहीत, म्हणून ते घेतलं नाही). पण जाळी तोडत आलेल्या पेशी सगळ्या एकाच दिशेने का ताणलेल्या असाव्यात?

त्यात पुण्याची हवा. मे महिन्यात द्रावण पातळ राहतं, डिसेंबरात टिपमध्येच गोठायला लागतं, आणि पृष्ठभागाचा खोलगटपणा प्रत्येक बॅचला वेगळा येतो. मग शून्य खोली नेमकी कुठून धरायची? आणि फट आहे हे सिद्ध कसं करायचं?

प्रतिसाद:
ताई, तुमचा संशय मला पटतो. पेशी न सोडलेलं जेल घ्या आणि वरच्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रावणात) १ मायक्रॉनचे फ्लुरोसंट मणी टाका. जाळीतून ते जाऊ शकत नाहीत, फटीत मात्र उतरतील. पृष्ठभागावर बसलेले मणी तुमची शून्य पातळी दाखवतील, खोलगटपणाचा प्रश्नही तिथेच मिटेल. दुसरं, काही वेलमध्ये जीएम६००१ (एमएमपी अडवणारं रसायन) घाला, सोबत ते ज्यात विरघळवतात त्या नुसत्या डीएमएसओचं कंट्रोल ठेवा. एमएमपी अडवूनही कडेच्या पेशी तितक्याच खोल गेल्या, तर त्या जाळी तोडून गेलेल्या नाहीत. सरांना दाखवायला हे पुरेसं आहे. आणि ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं नमुन्याजवळचं भिंग) कोरडं, म्हणजे मध्ये हवा असलेलं, असेल तर स्टॅकमधली खोली खऱ्यापेक्षा कमी दिसते, साधारण १.३३ ने गुणा. पुढच्या खेपेला प्लॅस्टिकची वेल सोडा. काचेला मेथॅक्रिलेट सिलेन लावलंत की जेल तिला रासायनिक बंधाने चिकटतं.

धागाकर्ती:
खूप आभार! ऑब्जेक्टिव्ह कोरडंच आहे, म्हणजे मधले आकडेही दुरुस्त करावे लागतील. मणी या आठवड्यातच टाकते. काच तळाला असते, भिंत प्लॅस्टिकचीच राहते, मग कडेची फट पूर्ण जाईल का, की सरळ काचेवर जेलचा थेंब ठेवून फक्त मधला भाग मोजू? आणि पुण्यात कुणाच्या लॅबमध्ये थोडं मेथॅक्रिलेट सिलेन शिल्लक असेल तर कृपया व्यनि करा. अख्खी बाटली मागवली तर यायला बराच वेळ लागेल, आणि मला लागणार थोडंसंच.