पॅक-मॅनची भुतं घरच्या मशीनवर लुकलुकायची का? (आणि स्पेक्ट्रमसाठी गेम लिहिण्याबद्दल सल्ला हवा आहे)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. पोटापाण्यासाठी वेबसाइटी बनवतो आणि रात्री जेवणं उरकली की एम्युलेटरवर ऐंशीच्या दशकातले गेम खेळतो. सध्या एकच गेम वेगवेगळ्या मशीनवर लावून बघायचा नाद लागलाय. आर्केडचा, म्हणजे दुकानातल्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा पॅक-मॅन बघितला, लगेच घरगुती अटारी २६०० वरचा लावला, तर भुतं ट्यूबलाइट जाताना करते तशी लुकलुकतात. भुलभुलैयाही निराळा, बोगदे डावी-उजवीकडे असायचे ते वर-खाली गेलेत. स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवरच्या कितीतरी गेममध्ये पात्र भिंतीजवळ गेलं की भिंतीचाच रंग बदलतो. फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम मशीनवरच्या डाँकी काँगमध्ये तर चारातला एक अख्खा टप्पाच नाही, सिमेंटच्या कारखान्याचा.

ही प्रोग्रॅमरांची घाई, की मशीनची ताकदच तेवढी?

विचारण्याचं कारण असं की मला स्वतःला ४८के स्पेक्ट्रमसाठी चार भुतांचा एक गेम लिहायचाय. त्याच्या झेड८० प्रोसेसरची असेंब्ली भाषा शिकतोय. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं हे आधी कसं ठरवायचं? ज्यांनी त्या काळी ही मशीनं हाताळली आहेत त्यांनी जरूर लिहा.

फॉर्टीएट_के

गोदाकाठ, प्रश्न वाचून हात शिवशिवले. माझं पहिलं मशीन डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे इंग्लंडच्या स्पेक्ट्रमचा आपल्याकडे मिळणारा अवतार. झेड८० मी त्यावरच शिकलो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

घाई की ताकद, असे दोनच पर्याय धरू नका. १९८० चा नामको कंपनीचा पॅक-मॅन घ्या, तोरू इवातानी यांचा. त्या यंत्रातही झेड८०च आहे, आणि तो ३ मेगाहर्ट्झच्या आसपास धावतो. स्पेक्ट्रमचा ३.५ वर. म्हणजे नुसत्या प्रोसेसरकडे बघितलं तर घरचं मशीन जरा वेगवानच! फरक आहे तो चित्र कोण काढतं यात. आर्केडमध्ये भुलभुलैया ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींचा आणि भुतं म्हणजे स्प्राइट, पार्श्वभूमीवर वेगळी तरंगणारी छोटी चित्रं. भूत सरकवायचं तर प्रोसेसरने त्याची नवी जागा लिहून ठेवायची, पडद्यावर उमटवण्याचं काम वेगळं सर्किट करतं. खालची भिंत पुसली जाईल का, ही काळजीच नाही.

अटारी २६०० हे १९७७ चं मशीन. रॅम १२८. किलोबाइट नव्हे, बाइट. पडद्याचं चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून टीव्हीचा किरण एक ओळ रेखतो तेवढ्यात, म्हणजे प्रोसेसरच्या ७६ सायकलमध्ये, ओळीत काय दिसायचं ते प्रोग्रॅमने चिपला सांगत राहायचं. आणि आकार असलेल्या पात्रांसाठी त्या चिपमध्ये दोनच जागा, प्रत्येकी ८ ठिपके रुंद. एक पॅक-मॅनला गेली. उरलेल्या एकात चार भुतं बसवायची! तो गेम लिहिणाऱ्या टॉड फ्राय यांनी ती पाळीपाळीने दाखवली, एका फ्रेमला एक. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला १५ वेळा दिसतं. ते तुमचं लुकलुकणं. कार्ट्रिजही अवघं ४के होतं.

त्याच मशीनवर पुढे मिस पॅक-मॅन आला, ८के मध्ये. तो शेजारी लावून बघाच. तिथे किरण खाली उतरत असताना तीच जागा पुन्हा दुसऱ्या भुतासाठी वापरलीय, त्यामुळे भुतं एकाच उंचीवर आली तरच लुकलुकतात. मशीन तेच, चिप तीच. म्हणून मी म्हणतो की ताकद एका मर्यादेपर्यंत आडवी येते, त्यापुढे माणसाची निवड सुरू होते. फ्राय यांच्या गेमवर आजवर जेवढी टीका झाली त्यातली लुकलुकण्यावरची मला अन्यायाची वाटते. काळ्याऐवजी निळी पार्श्वभूमी आणि तो कर्कश आवाज, यांबद्दल मात्र तक्रार रास्त आहे.

आता स्पेक्ट्रम. पडदा २५६ बाय १९२. ठिपक्यांसाठी ६१४४ बाइट, रंगांसाठी फक्त ७६८. दर ८ बाय ८ च्या घरात दोनच रंग, शाईचा आणि कागदाचा. पिवळा गडी निळ्या भिंतीच्या घरात शिरला की त्या घराचा शाईचा रंग एकच राहणार, मग एकतर भिंत पिवळी नाहीतर गडी निळा. यावर प्रत्येकाने आपापली वाट काढली. १९८३ च्या जेटपॅकमध्ये पार्श्वभूमी काळी ठेवलीय, वस्तू मोजक्या आणि प्रत्येकीचा रंग ठसठशीत. रंगांची टक्कर होते, पण डोळा तिथे थांबत नाही. आणि हे सगळं १६के मध्ये! चेस एच.क्यू. या गाडीच्या पाठलागाच्या गेममध्ये ओशन कंपनीच्या मंडळींनी खेळाची खिडकीच जवळजवळ एकरंगी केली आणि सगळं बळ वेगावर लावलं. रंग गेला, पाठलाग राहिला. तो गेम पाठलागाचाच आहे, तेव्हा बरोबर तेच राखलं.

वेगाचं गणित एकदा स्वतः मांडून बघा, सगळं लख्ख होतं. ४८के स्पेक्ट्रमला एका फ्रेममध्ये ६९,८८८ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. एलडीआयआर ही कॉपी करायची आज्ञा एक बाइट हलवायला २१ घेते. ६१४४ गुणिले २१ म्हणजे १,२९,०२४. नुसता पडदा एकदा कॉपी करायला जवळजवळ दोन फ्रेम गेल्या, आणि अजून कोणी हललेलंही नाही. म्हणून लोक स्टॅक पॉइंटर (प्रोसेसर परतीचे पत्ते जिथे ठेवतो ती जागा दाखवणारा) थेट पडद्यावर आणून पुश ही आज्ञा वापरायचे. ११ टी-स्टेटमध्ये दोन बाइट. पण तेवढा वेळ इंटरप्ट, म्हणजे दर फ्रेमला प्रोग्रॅम मध्येच थांबवणारी हाक, बंद ठेवायचे, नाहीतर परतीचा पत्ता चित्रातच लिहिला जायचा. पडद्यावर दोन भटके ठिपके चमकून गेले की ओळखायचं काय झालं ते.

डाँकी काँगचं थोडक्यात: फॅमिकॉमवर तो १९८३ चा, कार्ट्रिज २४के. आर्केडचा पडदा उभा, घरचा टीव्ही आडवा. त्यामुळे जागेचीही ओढाताण.

तुमच्या गेमबद्दल सवडीने लिहितो.

कऱ्हाडकर_सर

फॉर्टीएट_के, उत्तम प्रतिसाद. यात बीबीसी मायक्रोची भर घालतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला तो हाच. १९८४ मध्ये सरकारची क्लास योजना सुरू झाली आणि निवडक शाळांमध्ये ही मशीनं आली. मी तेव्हा नुकताच शिकवायला लागलो होतो.

प्रोसेसर ६५०२, २ मेगाहर्ट्झ. रॅम ३२के. पण सगळ्या रंगांचा मोड २ लावला की त्यातले २०के पडदाच खातो. उरलेल्या १२के मधून सिस्टिमचा वाटा गेला की जे राहील त्यात अख्खा गेम. तरीही एकॉर्नसॉफ्ट कंपनीने त्यात काय काय बसवलं! प्लॅनेटॉइड म्हणजे डिफेंडर, आर्केडियन्स म्हणजे गॅलॅक्सियन, मिटिऑर्स म्हणजे ॲस्टेरॉइड्स, आणि स्नॅपर म्हणजे तुमचा पॅक-मॅन. नावं अशी फिरवलेली का, तर परवाना नव्हता. स्नॅपरच्या पहिल्या आवृत्तीतली पात्रं मूळ गेमसारखीच होती, ती पुढे बदलावी लागली.

मुलांना मी प्लॅनेटॉइड मुद्दाम दाखवायचो. यान डावीकडे वळलं की अख्खं जग उलट दिशेने धावतं, आणि कळ दाबल्यापासून ते होईपर्यंत क्षणाचाही विलंब जाणवत नाही. मशीन किती लवकर उत्तर देऊ शकतं हे फळ्यावर सांगून पोरांना कळत नव्हतं, या एका गेमने कळायचं. गोदाकाठ, तुम्ही काहीही सोडा, पण कळ दाबणं आणि पात्र वळणं यात अंतर पडू देऊ नका.

तीस_लाईफ

मी ऐंशीतला नाही, नव्वदीतला. आमच्याकडे सुट्टीत भाड्याने आणायचा तो टीव्ही गेम, म्हणजे फॅमिकॉमचीच नक्कल, आणि कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. कॉन्ट्रामध्ये गोळ्या जास्त झाल्या की अर्धी माणसं गायब व्हायची. त्याचंही कारण हेच का?

एक सांगू का, मी नंतर कॉन्ट्राचा मूळ आर्केड गेम (१९८७) खेळलो. उभा पडदा, चित्रं जास्त भरीव. पण घरचा कॉन्ट्रा कितीतरी सरस आहे! धबधब्याचा टप्पा, उडी मारल्यावर हवेतही गडी वळवता येणं, दोघांनी मिळून खेळायची मजा, सगळं जमून आलंय. वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, हा तीस जीव मिळवायचा कोड माझी बोटं अजून विसरलेली नाहीत.

फॉर्टीएट_के

तीस_लाईफ, हो, तेच. फॅमिकॉमला पडद्यावर ६४ स्प्राइट मिळतात, पण एका आडव्या ओळीत ८ च. नववा दिसत नाही. मग प्रोग्रॅमर दर फ्रेमला क्रम बदलतात, म्हणजे कायमचं कोणी गायब होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. अटारीवर झालं तेच, फक्त जरा सुबत्तेत.

आणि कॉन्ट्राबद्दल शंभर टक्के सहमत. आर्केडचं यंत्र नाणं खाऊन जगतं, खेळणारा लवकर मरून पुढचं नाणं टाकायला हवा. घरी पैसे आधीच मोजलेले असतात, तिथे गेम लांब हवा आणि शिकणाऱ्याला वाव देणारा हवा. कोनामी कंपनीने घरचा कॉन्ट्रा याच हिशेबाने नव्याने बांधला.

राईनकाठी

कमोडोर ६४ चं नाव कसं कोणी घेतलं नाही? १९८२ चं मशीन, हार्डवेअरचे ८ स्प्राइट, प्रत्येक २४ बाय २१. किरण खाली सरकत असताना इंटरप्ट लावून तेच स्प्राइट पुन्हा वापरायचे, की पडद्यावर ८ हून कितीतरी जास्त दिसतात. आणि आवाजासाठी सिड नावाची खास चिप! मी इथे जर्मनीत आल्यावर जुन्या बाजारात एक घेतलं. गोदाकाठ, चार भुतं आणि एक गडी म्हणजे पाच स्प्राइट, ६४ वर रंगाची भानगडच नाही. मशीन बदला.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. राईनकाठी, मोह होतोय, पण झेड८० मध्ये जीव गुंतलाय. सर, कळीबद्दलचं लक्षात ठेवतो. फॉर्टीएट_के, भुतांनी पाठलाग कसा करायचा याचीच मला जास्त धास्ती आहे. तेवढा विचार या मशीनला झेपेल ना?

फॉर्टीएट_के

विचाराची धास्ती अजिबात नको. भुतांचा मेंदू स्वस्त, अंग महाग. मूळ गेममध्ये भूत चौकटीगणिक एकदाच ठरवतं की पुढे कुठे वळायचं, आणि मागे फिरायची मुभा नसल्याने पर्याय फार तर तीन. लाल भुताचं लक्ष्य थेट पॅक-मॅन. गुलाबी त्याच्या चार चौकटी पुढचा नेम धरतं. निळं जरा गुंतागुंतीचं: पॅक-मॅनच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घ्यायचा, लाल भुतापासून तिथवर रेघ ओढायची आणि ती दुप्पट करायची. नारिंगी ८ चौकटींहून लांब असलं तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. चौघांचे स्वभाव वेगळे वाटतात ते एवढ्यावर. यातलं एक अक्षरही सोडू नका, तिथेच खरा पॅक-मॅन आहे.

सोडायचा तो भुलभुलैयाचा आकार. मूळचा २८ बाय ३१ चौकटींचा, तुमच्याकडे ३२ बाय २४. त्यातही मूळ गेममध्ये भूत १६ ठिपक्यांचं आणि ते भिंतीच्या चौकटीत थोडं घुसतं. स्पेक्ट्रमवर तसं केलंत की रंगांची टक्कर झालीच. त्यापेक्षा भिंत एक घर जाडीची आणि रस्ता दोन घरं रुंद ठेवा. मग भूत आणि भिंत एका घरात कधीच येणार नाहीत. भुताला स्वतःचा रंग घेऊन बिनधास्त फिरू द्या, जाता जाता ठिपके त्या रंगाचे होतील तेवढंच. दोन भुतं भेटली तर क्षणभर टक्कर होईल, ती चालते. या मापाने उभे रस्ते १० बसतात, मूळ गेमइतकेच! आडवे मात्र १० चे ७ होतात. ती ३१ बाय २२ घरं झाली, वर गुणांसाठी दोन ओळी उरतात.

चित्र काढायला हॉल्टनंतर (ही आज्ञा पुढचा इंटरप्ट येईपर्यंत थांबवते) लगेच सुरुवात करा. इंटरप्ट आल्यापासून किरण पहिल्या ठिपक्याच्या ओळीवर पोचायला १४,३३६ टी-स्टेट लागतात. पाचही पात्रं वरून खाली अशा क्रमाने लावून घ्या आणि सगळ्यात वरचं आधी पुसून नव्याने रेखाटा, म्हणजे किरण तुम्हाला गाठत नाही. एक पात्र ३ बाइट रुंद, १६ ओळी, मास्क (पात्राभोवतीची पार्श्वभूमी राखणारा साचा) धरूनही पाचांचं काम एका फ्रेममध्ये आरामात होतं. चित्रं आधीच सरकवून आठ प्रतींमध्ये ठेवा. दोन-दोन ठिपक्यांनी चालवणार असाल तर चारच पुरतात.

पहिला टप्पा नुसता भुलभुलैया आणि कळीवर फिरणारा गडी एवढाच करा, भुतं नंतर. आणि टॅप फाइल (गेमच्या कॅसेटची नक्कल) झाली की इथे टाका. माझं मशीन अजून चालू आहे, टेपच्या हेडचा स्क्रू जरा फिरवला की लोडही होतं. खऱ्या टीव्हीवर लावून कसं दिसतं ते सांगतो.

कऱ्हाडकर_सर

आणि कळांसाठी क्यू, ए, ओ, पी ठेवा. स्पेक्ट्रमवाल्यांची बोटं तिथेच जातात.