शब्दचर्चा: माशांच्या 'जाती' की 'प्रजाती'?

रामबागवासी:
माझी भाची लक्षद्वीपला पाण्याखाली उतरून मासे मोजते. तिच्या कामावर आमच्या इंदूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. वाक्य असं आहे: 'दूरच्या बेटांभोवतीच्या प्रवाळभिंतींवरील मासळीच्या प्रजातींचं सर्वेक्षण'. आईनं 'प्रजाती' खोडून 'जाती' केलं. माझं शिक्षण हिंदीतलं, इथल्या पेपरांत रोज 'प्रजाति'च वाचतो. शिवाय नुसतं 'जाती' म्हटलं की मला लग्नाच्या जाहिराती आठवतात. बरोबर काय?

जुना मास्तर:
आईंचं बरोबर. मराठी जीवशास्त्रात सजीवांच्या वर्गीकरणात 'जाती' (species) ही खालची पायरी आणि 'प्रजाती' (genus) तिच्यावरची. मराठी विश्वकोशातल्या प्राण्यांच्या नोंदी उघडा, 'या प्रजातीत अमुक जाती आहेत' अशीच मांडणी सापडेल. हिंदी पेपर आपल्या 'जाती'ला 'प्रजाति' म्हणतात, आणि आपल्या 'प्रजाती'ला हिंदी पाठ्यपुस्तकांत 'वंश' म्हणतात. शब्द तोच, पायरी निराळी. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीत हा घोळ हमखास होतो. (हल्ली पुण्या-मुंबईचे पेपरही तेच लिहायला लागलेत, पण ते राहू द्या.)

आणि इथं अर्थच बदलतो. फुलपाखरू मासे घ्या. त्यांच्यातल्या कीटोडॉन या एकट्या प्रजातीत ऐंशीच्या वर जाती आहेत. समजा, भाचीला एका खडकावर कीटोडॉनच्या दहा जाती दिसल्या. तुम्ही त्यांना 'दहा प्रजाती' म्हणालात, तर जाणकार वाचक समजेल की एकमेकांपासून बरेच लांबचे दहा गट होते. शास्त्रीय नाव दोन पदांचं असतं: पहिलं पद प्रजातीचं, दोन्ही मिळून जातीचं. मासा झर्रकन खडकाआड गेला आणि पुरता ओळखला नाही, तर पाटीवर पहिलंच पद लिहून पुढं जातात. म्हणजे तिच्या नोंदीत दोन्ही पायऱ्या येणारच. मग लेखात दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

मालवणचा जावई:
मास्तर, माझ्या सासुरवाडीच्या कोळ्यांना या दोन्ही पायऱ्यांची गरज पडत नाही. 'गोब्रा' म्हटलं की त्यात शास्त्राच्या कितीतरी जाती आल्या. पण शास्त्रज्ञही फसलेत बरं का. पोपट माशांत बऱ्याच माद्या पुढं नर होतात आणि रंग साफ बदलतो. जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीचे हे दोन रंग पाहून दोन जाती ठरवल्या होत्या.

मला 'प्रवाळभिंत' जास्त खटकते. लक्षद्वीपची बहुतेक बेटं कंकणद्वीपं आहेत, म्हणजे मध्ये उथळ पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं. तिथं भिंत कुठून आली? पाठ्यपुस्तकांत 'प्रवाळभित्ती' आहे खरं, पण लेखात 'प्रवाळखडक' लिहा. फक्त 'पोवळ्याचा खडक' नको.

रामबागवासी:
का? आपल्या सराफ्यात मिळतो तो मूंगा म्हणजे पोवळंच ना?

मालवणचा जावई:
म्हणूनच नको. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि ते खडक बांधतच नाही. वाचकाला वाटायचं की तुमची भाची मंगळाच्या अंगठ्यांमध्ये पोहतेय.

सातबारा:
'सर्वेक्षण' हा सरकारी शब्द झाला. ती प्रत्यक्षात करते काय?

रामबागवासी:
तळाशी 50 मीटर टेप अंथरते. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर धरून त्या पट्ट्यात दिसेल तो मासा, त्याची जात, संख्या आणि लांबी लिहिते. आधी मोठे, चपळ मासे टिपायचे, कारण माणूस दिसताच ते पांगतात. येताना पट्टा अरुंद करून लहान मासे. कपारीत दडणारे इवलेसे मासे या पद्धतीत बरेचसे सुटतातच. लांबी डोळ्यांनीच ठरवायची, त्यावरून पुढं जातवार सूत्रानं वजन काढतात. पाण्यात मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांशानं मोठी दिसते, म्हणून आधी ठाऊक लांबीच्या प्लास्टिक नळीच्या तुकड्यांवर नजर बसवावी लागते.

सातबारा:
मग ही चक्क 'मोजणी' आहे. जमिनीची होते तशी माशांची. टेपच्या पट्ट्याला 'मोजणीपट्टा' म्हणा. आणि लांबीसाठी आमच्या महसुलात तयार शब्द आहे: 'नजरअंदाज'. पिकाची नजरअंदाज पैसेवारी असते, तशी माशाची नजरअंदाज लांबी!

रामबागवासी:
सातबारा, इंदुरात 'माशाची लांबी नजरअंदाज केली' असं छापलं, तर सगळे समजतील की पोरीनं लांबीकडे दुर्लक्ष केलं. हिंदीत त्याचा अर्थ तोच आहे.

सातबारा:
हे लक्षातच आलं नव्हतं. मग 'नजरेनं लावलेला अंदाज' असं सुटं लिहा.

रामबागवासी:
लिहितो. आता वाक्य असं: 'दूरच्या बेटांभोवतीच्या प्रवाळखडकांवरील मासळीच्या जातींची मोजणी'.

जुना मास्तर:
'जातींची मोजणी' म्हटलं तर फक्त किती जाती, एवढंच येतं. ती प्रत्येक जातीचे किती मासे हेही लिहिते, आणि विविधता काढायला दोन्ही लागतं. एका खडकावर वीस जाती आहेत, पण दर दहांतले नऊ मासे एकाच जातीचे. दुसऱ्यावर त्याच वीस जाती सारख्या वाटलेल्या. जातींची संख्या दोन्हीकडे सारखी, विविधता दुसरीकडे जास्त. तेव्हा 'माशांची जातवार मोजणी' लिहा. आणि 'मासळी' काढा. मासळी जाळ्यात येते, बाजारात येते, ताटात येते. खडकावर पोहतात ते मासे.