दादाला रुग्णालयात नेण्यासाठी कोर्टाचा आदेश खरोखरच लागत होता का?

प्रश्न

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या महिन्यात त्याने औषधे बंद केली, तीन रात्री तो झोपला नाही आणि चौथ्या दिवशी त्याने आईवर विळी उगारली. पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘आधी कोर्टाचा आदेश आणा’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. आईला शेजाऱ्यांकडे ठेवून मी दोन दिवस त्याच्या खोलीबाहेर बसून काढले. आता तो सावरला आहे, पण पुन्हा अशी वेळ आली तर कायदा काय सांगतो?

उत्तर 1

आदेशाची गरज नव्हती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 94 नुसार, रुग्णाकडून स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर घरीसुद्धा तातडीचे उपचार सुरू करू शकतो, आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणे हाही त्या उपचारांचाच भाग मानला जातो. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाच्या वतीने बोलणारी नेमलेली व्यक्ती, उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावी लागते. ही मुभा जास्तीत जास्त 72 तासांची असून त्या काळात विजेचे झटके देता येत नाहीत.

कलम 100 तर पोलिसांवरच कर्तव्य टाकते. मानसिक आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असलेल्या हद्दीतील व्यक्तीला त्यांनी संरक्षणाखाली घेऊन 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोहोचवायचे असते. कोठडीत तिला कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही.

उत्तर 2

कलमे बरोबर आहेत, परंतु मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करताना मला वारंवार दिसते ते असे की, घरी यायला डॉक्टर तयार होत नाही आणि शेवटी येतो तो गणवेशातला पोलीस, ज्याला पाहून आधीच संशयाने पछाडलेला माणूस अधिकच बिथरतो. 14416 या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर समुपदेशन जरूर घ्यावे. पण विळी हातात असताना प्रशिक्षित परिचारिका आणि समाजसेवक प्रत्यक्ष दारात यायला हवेत, आणि व्यवस्थेत पुढची सुधारणा व्हायची तर ती इथेच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

दादा सावरलेले आहेत तोवर त्यांनाच विचारून नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवून घ्या. साध्या कागदावर त्यांची सही पुरते.

प्रश्नकर्ता

काल विचारले. त्याने बराच वेळ विचार करून माझे नव्हे, ताईचे नाव लिहिले.