अर्ध्यात अडकणारं टर्बाइन: पंप खोलण्याआधी
गॅस टर्बाइन इंजिन सुरू करताना इंधन पेट घेतं, पण वेग अर्ध्यातच अडकतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. अशा वेळी फ्युएल पंप खोला, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. पेट घेतल्यावरही टर्बाइन स्वतःच्या जोरावर फिरेपर्यंत स्टार्टरने, म्हणजे सुरुवातीला इंजिन फिरवणाऱ्या विजेच्या मोटरने, रेटा द्यावाच लागतो. तो दमला की हवा कमी, इंधन तेवढंच, आणि सगळी आच पात्यांवर. जळगाव एमआयडीसीतल्या शेडमध्ये लिलावातून आलेल्या इंजिनाचं हेच झालं. बॅटरी 24 व्होल्ट दाखवायची, पण स्टार्टर फिरताना त्याच्याच टर्मिनलवर मीटर लावला तर 15 च्या आसपास! जाड वेल्डिंग केबल टाकली, लग (केबलच्या टोकाचे जोड) नवे दाबले, इंजिन सरळ आयडलला, म्हणजे स्वतःच्या जोरावर स्थिर फिरण्याच्या वेगाला, गेलं.

आपल्याकडे मे महिन्यात 44-45 अंशांत हवा विरळ असते, त्यामुळे तापमान आणखी लवकर चढतं. ट्रायल पहाटेच घ्या. जिनिंगच्या हंगामात इनटेकची (हवा आत घेणाऱ्या तोंडाची) जाळीही बघा भाऊ, कापसाची तूस तिच्यावर थर धरून बसते, बोटांनी सोलून काढावी लागते. आणि फसलेल्या स्टार्टनंतर लगेच दुसरा मारू नका. ड्रेनमधून इंधन निथळू द्या, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून नुसतं फिरवा. साचलेलं इंधन पुढच्या वेळी एकदम भडकतं आणि पाती जातात.