मदत हवी आहे: सामुदायिक मालकीची इमारत दीर्घकाळ कशी सांभाळावी?

नमस्कार. आमचा रहिवाशांचा गट वापरात नसलेले एक जुने सभागृह विकत घेऊन ते सामुदायिक मालकीचे करण्याच्या विचारात आहे. स्कॉटलंडमधील एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये स्थानिक प्रशासन आणि एका वन्यजीव संस्थेच्या साथीने न्यास स्थापून बेट विकत घेतले आणि २००८ मध्ये वारा, पाणी व सूर्यप्रकाशावर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली, हे उदाहरण आम्हाला फार मोलाचे वाटते. तिथल्या २००३ च्या कायद्याने, आधी नोंदणी केलेल्या समुदायाला जमीन विक्रीस निघाल्यावर खरेदीचा पहिला हक्क दिला. इंग्लंडच्या २०११ च्या कायद्याने मात्र स्थानिक गटाला बोलीच्या तयारीसाठी सहा महिने दिले, पण मालकावर त्याच गटाला विकण्याचे बंधन घातले नाही.

खरेदीसाठी देणग्या जमतील असा आम्हाला विश्वास आहे. खरी काळजी नंतरची आहे, कारण छताची दुरुस्ती, विमा आणि वीजबिल यांसाठी दरवर्षी पैसा लागतो, आणि तो उभा करण्यासाठी भाडे वाढवले तर ज्यांच्यासाठी ही जागा घ्यायची तेच लोक बाहेर राहतात.

अशी इमारत चालवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे, की न्यास आणि सहकारी संस्था यांपैकी कोणते स्वरूप टिकाऊ ठरले, पुढच्या पदाधिकाऱ्यांना मालमत्ता खासगी लाभासाठी विकता येऊ नये म्हणून संस्थेच्या घटनेत कोणती तरतूद केली, आणि दुरुस्तीनिधी पहिल्या वर्षापासूनच वेगळा ठेवला होता का? घटनेचा नमुना मिळाल्यास आम्ही आभारी राहू.