पऱ्हाटी पेटवणाऱ्याला आधी विचारा तरी

एका दादांनी लिहिलंय, की हवा बिघडते ती शेतकरी पिकाचे अवशेष पेटवतो म्हणून, दंड करा म्हणजे थांबेल. टीव्हीवरही दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला हेच.

पंजाबातली गोष्ट अर्धीच सांगतात. भूजल वाचवायला तिथे 2009 साली कायदा झाला, भाताची लावणी 10 जूननंतरच. कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळं करायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. म्हणून भाताचं उरलेलं काड पेटवतात. त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातोच, नाकारत नाही. पण दिल्लीत गाड्या, धूळ, कारखाने बाराही महिने आहेत.

आपल्या खान्देशात कापूस संपला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उरते. बोंडअळी या किडीमुळे ती शेतात उभी ठेवता येत नाही. पूर्वी चुलीत जायची, आता घरोघरी गॅस आहे. बारीक करून मातीत गाडायला श्रेडर यंत्र लागतं, आणि दोन-तीन एकरवाल्याला त्याचं भाडं जड जातं. म्हणून बांधावर ढीग पेटतो. त्या धुरात पहिला खोकतो तो शेतकरीच, हे बातमीत का येत नाही? भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राशेजारी राहणाऱ्यांना राखेबद्दल कितीदा विचारलं?

गावागावात श्रेडर परवडणाऱ्या भाड्याने द्या, पऱ्हाटी विकत घ्या. मग दंडाचं बोला.