नव्या ऑफिसांना गाड्यांचं रेशनकार्ड? आधी जुन्यांकडे बघा

पाचवा गिअर

परवाच्या पोस्टखाली उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी पोस्टचा सारांश: नवीन ऑफिस बांधायचं तर परवानगी देतानाच अट घाला. पार्किंग कमीत कमी, तेही फुकट नाही. कर्मचाऱ्यांना बसचा पास, सायकलवाल्यांना स्टँड आणि आंघोळीची सोय. सकाळी आत येणाऱ्या गाड्या दरवर्षी मोजायच्या, आकडा ओलांडला की दंड. खाली टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या वाजवणारे सगळे घरून काम करणारे असावेत.

सकाळी रस्ता तुंबतो तो काय उद्या बांधल्या जाणाऱ्या इमारतीमुळे? दोन-दोन तळघरं खणून वर्षानुवर्षं बसलेत त्यांना कुणी हात लावत नाही, आणि नव्याने येणाऱ्याची मात्र उंबरठ्यावरच झडती. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आमची कंपनी अशाच अटीतल्या इमारतीत गेली. माणसं चारशे, गाड्यांच्या जागा नव्वद. पहिल्याच आठवड्यात मागच्या गल्ल्या भरल्या. तिथल्या लोकांनी दारापुढे आधी कुंड्या मांडल्या, मग दगड, मग एकाने चक्क तुटका पलंग. मी साडेनऊच्या ऑफिसला सव्वासातला पोचायला लागलो. गाडी लावायची, सीट मागे टाकायची, तोंडावर रुमाल घेऊन दोन तास झोपायचं. सहा महिने हेच. यात गाडीची फेरी कुठे वाचली ते त्या पोस्टवाल्या सद्गृहस्थांनी मला समजावून सांगावं.

तिरकी रेघ

मी समजावतो. तुमची फेरी वाचली नाही, पण साडेनऊच्या गर्दीतून ती निघाली. असल्या नियमांचा डोळा बहुतेक वेळा गर्दीच्या तासांवरच असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा १९९१ चा कायदा घ्या. १०० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे, आणि त्यातही सकाळी ६ ते ९ मध्ये कामावर हजर होणाऱ्यांचा हिशेब. त्यांची गर्दी सहा ते नऊची, तुमच्याकडची साडेनऊची; तेव्हा झोपेत का होईना, ती कमी करायला तुमचा हातभार लागला. अभिनंदन.

आता पार्किंगचं. एक गाडी उभी करायला, आतबाहेर करायची वाट धरून, सुमारे ३०० चौरस फूट जातात. गाडीच्या मालकाला आत बसायला त्याच्या निम्मी जागा मिळाली तरी तो नशीबवान. हा खर्च कंपनी करते म्हणजे बसने येणाऱ्याच्या वाट्याचंही त्यात थोडं जातंच. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला: भाड्याने घेतलेलं पार्किंग कर्मचाऱ्यांना फुकट देत असाल तर जो ते घेत नाही त्याला तेवढे पैसे रोख द्या. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा ८ कंपन्या तपासल्या. एकट्याने गाडी हाकत येणारे ७६ टक्के होते ते ६३ वर आले. दंड नाही, झडती नाही. फुकटच्या जागेलाही किंमत असते एवढंच लोकांना दिसलं.

पाचवा गिअर

८ कंपन्या! आणि तो कायदा नवी-जुनी इमारत बघत नाही ना? मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत. धन्यवाद.

मागची सीट

दोघेही पुरुष आहात, प्रोफाइल उघडून बघायची गरज नाही. तुमच्या डोक्यात घर ते ऑफिस अशी सरळ रेघ आहे. माझी सकाळ म्हणजे घर, पाळणाघर, सासऱ्यांची औषधं, मग ऑफिस. मोजणाऱ्याच्या वहीत ती एक गाडी, एक रेघोटी.

गाडी वाटून जायची ऑफिसची योजना होती, मी उत्साहाने नाव दिलं. ज्यांच्या गाडीतून यायचे त्यांची एकदा मीटिंग लांबली. पाळणाघर साडेसहाला बंद होतं. मी सव्वासातला पोचले. ताई बाहेर पायरीवर बसल्या होत्या आणि शेजारी माझी लेक, बूट घालून, दप्तर पाठीला लावून, तयार. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून माझी गाडी सुरू. आता बोला दंडाबद्दल.

तिरकी रेघ

ताई, तुमचा राग पटतो. पण यावर उपाय आहे आणि तो चालतो. अडीअडचणीला घरी सोडायची हमी, टॅक्सी कंपनीच्या खर्चाने. प्रत्यक्षात लोक ती फार क्वचित वापरतात, पण आहे म्हटल्यावर गाडी घरी ठेवायचा धीर येतो.

मागची सीट

होती की आमच्याकडे. अर्ज आदल्या दिवशी करायचा होता.

सायकलछाप

सगळे पार्किंगवर तुटून पडलेत, आंघोळीच्या खोलीबद्दल कुणी बोलतच नाही. मी रोज अकरा किलोमीटर सायकलने जातो. आमच्या इमारतीला ही अट होती. खोली आहे, दारावर सायकलचं चित्रही आहे. चावी मिळवायला तीन आठवडे गेले: सुरक्षारक्षक म्हणतो देखभालवाल्यांचा मेल आणा, देखभालवाले म्हणतात एचआरला विचारा. शेवटी दार उघडलं तर आत चार मोडक्या खुर्च्या, पोछ्याच्या बादल्या आणि ‘हरित सप्ताह’ लिहिलेला पुठ्ठ्याचा माणूसभर उंच फलक, नळाला टेकवून ठेवलेला.

पाचवा गिअर

आंघोळ न करता बसणारे सायकलवाले माझ्या शेजारच्या टेबलाला आहेत. पर्यावरण वाचतं, नाक जातं. चारशे जण गाड्या लावायला जागा शोधतायत आणि तीन जणांच्या घामासाठी प्लंबिंग!

सायकलछाप

तीनच का आहेत ते वर लिहिलंय, वाचता येत असेल तर. गाडीला ३०० चौरस फूट मागताना लाज वाटत नाही आणि एका नळाचा हिशेब काढताय. शिवाय दोन तास गाडीत झोपून उठलेला माणूस फार सुगंधी असतो असा माझा अनुभव नाही.

मागची सीट

भांडा खुशाल, पण ‘सोय’ म्हणजे एकच खोली, आत आरसा नाही, केस वाळवायला प्लग नाही, कडी आतून नीट लागत नाही. आमच्या मजल्यावरची एक मुलगी आठवडाभर सायकलने आली. ओले केस घेऊन गारठलेल्या मीटिंगमध्ये बसली, सर्दी झाली, सायकल सुटली. ती खोली आखणाऱ्याने आयुष्यात लांब केस विंचरले नसावेत.

जुना नकाशा

आखणारा हजर आहे. केस कधीच गेले, त्यामुळे आरोप मान्य.

असे नकाशे मी बरेच केलेत. अट कागदावर पुरी करायची असते, म्हणून आंघोळीची खोली उरलेल्या कोपऱ्यात जाते. सायकल स्टँड एकदा मी जनरेटरच्या मागे दाखवला होता. सायकल तिथे नेता आली असती, हँडल काढून. वाहतूक आराखडा म्हणून जाडजूड फाइल जोडायची, वापराची परवानगी मिळाली की तिचं काम संपलं. ती पुन्हा उघडलेली मी एकदाच पाहिली, तीही आतलं कोरं पान हवं होतं म्हणून.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ मध्ये हे थोडं उलटं फिरवलं. बांधणाऱ्याने जितकी पार्किंग जास्त ठेवली तितके जास्त गुण त्याने इतर सोयींतून कमवायचे: पास द्या, शॉवर द्या, काय ते ठरवा. पण इमारत उभी आहे तोवर ते चालू ठेवायचं आणि दाखवायचं. म्हणजे बादल्या ठेवल्या की गुण गेले. माझ्या मते खरी अट एवढीच, मोजणी. आणि गाड्यांच्या जागा, कारण एकदा बांधलेलं तळघर कुणी बुजवत नाही. बाकी रंगरंगोटी.

राहिली ‘आधी जुने’ ही तक्रार. स्टॅनफर्ड विद्यापीठाला २०००च्या परवान्यात अशी अट पडली की नवीन बांधा, पण गर्दीच्या तासातल्या फेऱ्या सगळ्या आवाराच्या मिळून वाढता कामा नयेत. नव्याची गरज होती म्हणून जुन्यालाही वेसण बसली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमने २०१२ पासून पार्किंगच्या ११ किंवा जास्त जागा असलेल्या कंपन्यांवर कर लावला, नवा-जुना भेद नाही, पैसा ट्रामसारख्या कामांना.

पाचवा गिअर

विद्यापीठाकडे आवार असतं, स्वतःच्या बसगाड्या असतात. एकट्या इमारतीतल्या भाडेकरूने काय करायचं? आणि अमेरिकेचंच सांगताय तर पुढचंही सांगा. स्वच्छ हवेच्या कायद्यात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीत, सगळ्यात खराब हवेच्या भागांतल्या मोठ्या कंपन्यांवर फेऱ्या कमी करायची सक्ती आली होती. १९९५ मध्ये तिथल्याच संसदेने ती ऐच्छिक करून टाकली. जेमतेम पाच वर्षं टिकली.

तिरकी रेघ

कबूल. ती सक्ती सरसकट होती, बस जाते तिथेही आणि जात नाही तिथेही. म्हणून तर जागा निवडतानाच विचारायचं: इथे गाडीशिवाय पोचता येतं का? येत नसेल तर बांधता कशाला?

पाचवा गिअर

मग बांधणारा आणखी लांब मोकळ्या माळावर जाईल, जिथे कुणी विचारत नाही. तिकडे तर गाडीशिवाय कुत्रंही पोचत नाही.

जुना नकाशा

हे मात्र खरं आहे. माझी शेवटची दोन कामं तिथलीच.

पाचवा गिअर

चला, एक तरी मत पडलं. मोजणीला माझा विरोध नाही, लिहून घ्या. फक्त सव्वासातला येऊन झोपलेल्यांना वेगळ्या रकान्यात टाका. आणि मागच्या गल्लीतला पलंग कुणाचा होता ते कळलं तर मला निरोप द्या, बंपर अजून चेपलेला आहे.

सायकलछाप

अपडेट: खुर्च्या हलवल्या. नळाला पाणी नाही.